कुलूप कुठे लावायचे, हे यंत्र सांगेल का?

एका शाळेतील गोष्ट आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. सहामाहीचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी एका मुलीचे वडील गुणपत्रिका घेऊन आले. मुलगी विज्ञानात नापास झाली होती आणि प्रात्यक्षिकाच्या रकान्यात गुणांच्या जागी रेघ होती. रेघ म्हणजे गैरहजर. पण मुलीने प्रात्यक्षिक दिले होते. तिच्या वहीत तारखेसह सही होती आणि ती सही आमच्यापैकीच एकाची होती. मग तपास सुरू झाला. प्रात्यक्षिकाच्या त्या गटातील आणखी सव्वीस मुलांचे गुण नाहीसे झाल्याचे आढळले. ती मुले लेखी परीक्षेच्या बळावर पार झाली होती म्हणून कोणी तक्रार केली नव्हती, इतकेच. बोट अर्थातच लिपिकाकडे गेले. बिचारा दोन दिवस मान खाली घालून वावरत होता.

प्रत्यक्षात घडले होते ते असे. गुणतक्त्याची फाइल एकच होती. एका शिक्षकाने दुपारी ती एका संगणकावर उघडून प्रात्यक्षिकाचे गुण भरायला घेतले. त्याच सुमारास एका बाईंनी शेजारच्या संगणकावर तीच फाइल उघडली आणि लेखीचे गुण भरले. शिक्षकाने काम संपवून फाइल जतन केली. पंधरा मिनिटांनी बाईंनी आपली प्रत जतन केली. त्या प्रतीत प्रात्यक्षिकाचा रकाना रिकामाच होता, कारण बाईंनी फाइल उघडली तेव्हा तो रिकामा होता. नवी प्रत जुनीच्या जागी बसली आणि सत्तावीस मुलांचे गुण पुसले गेले. दोघांनीही आपापले काम बिनचूक केले होते. लिपिकाने तर त्या दिवशी फाइलला हातही लावला नव्हता.

जरीपटक्यात आम्ही काही शिक्षक शनिवारी दुपारी वरच्या वर्गांतील मुलांचे अभ्यासमंडळ चालवतो. ही हकिकत आम्ही नावे गाळून तेथे मांडली. फळ्यावर दोन्ही शिक्षकांच्या तीन-तीन पायऱ्या लिहिल्या: फाइल उघडणे, गुण भरणे, जतन करणे. प्रत्येकाच्या पायऱ्यांचा आपसातला क्रम ठरलेला आहे. पण एकाच्या पायऱ्या दुसऱ्याच्या पायऱ्यांत कशाही मिसळू शकतात. सहा जागांपैकी पहिल्या शिक्षकासाठी तीन निवडायच्या, म्हणजे एकूण २० प्रकार. मुलांनी ते सगळे वहीत मांडून काढले. निकाल पाहून वर्ग गप्प झाला. २० पैकी फक्त २ प्रकारांत गुण सुरक्षित राहतात: एकाचे काम पूर्ण संपल्यावर दुसऱ्याने फाइल उघडली, तरच. उरलेल्या १८ प्रकारांत कुणाचे तरी गुण जातातच. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग आपल्या वर्गात जरूर करून पाहावा. त्याला खडू-फळा पुरतो, आणि निवडीचे गणित कशासाठी शिकायचे या प्रश्नाचे एक बरे उत्तर मुलांना मिळते.

‘मग इतकी वर्षे हे चुकले कसे नाही?’ असे एका मुलाने विचारले. विचारलेच पाहिजे होते. हे २० प्रकार सारख्याच वेळा घडत नाहीत. दोन शिक्षक एकाच दुपारी एकाच फाइलवर बसण्याचा प्रसंग क्वचित येतो. म्हणूनच ही जात फार वाईट: चाचणीत ती सापडत नाही, आणि सापडली तरी दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा पायऱ्या असल्या तर प्रकार होतात १,८४,७५६. एवढे कोण तपासून पाहणार? थेराक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण मिळाले. त्यातील काही अपघातांचे मूळ याच जातीच्या चुकीत होते. यंत्रातील चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात सराईत तंत्रज्ञाने पडद्यावरील नोंद बदलली, तर तो बदल यंत्राच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचतच नसे. तंत्रज्ञाचा हात सावकाश चालत होता तोवर सगळे ठीक होते.

आमच्या मंडळात दुकानदारांच्या घरची मुले बरीच आहेत. त्यांतील एक म्हणाला, ‘आमच्या दुकानात उधारीची वही एकच आहे. पप्पांच्या हातात असली की चाचा थांबतात.’ त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले. कागदाच्या वहीला वेगळे कुलूप लागत नसे, कारण वही हेच कुलूप होते. ती एका वेळी दोघांच्या हातात राहू शकत नाही. रेल्वेच्या आरक्षणाची जुनी रजिस्टरे अशीच होती. संगणकाने वहीची प्रत काढणे फुकट केले आणि वहीसोबत आपोआप मिळणारे कुलूप काढून घेतले. आता ते मुद्दाम लावावे लागते. कुठे लावायचे हे प्रोग्रॅमरने ठरवायचे. तो विसरला, किंवा त्याने चुकीच्या जागी लावले, की सत्तावीस मुलांचे गुण जातात.

यावर त्याच मुलाचा पुढचा प्रश्न आला: ‘संगणक एवढा हुशार आहे, तर कुलूप कुठे लावायचे ते त्यालाच का कळू नये?’ पुढील मजकूर या प्रश्नाने आम्हाला जे वाचायला लावले त्याचे परीक्षण आहे.

एकाच वेळी चालणाऱ्या अनेक आज्ञामालिका आणि त्यांच्यात सामायिक असलेली माहिती, अशी रचना असलेल्या आज्ञावलीला एककालिक आज्ञावली म्हणू या. त्या मालिकांचा एकमेकींशी मेळ घालणे म्हणजे सिंक्रोनायझेशन. हा मेळ यंत्राने स्वतः अनुमानाने शोधावा, ही कल्पना ऐकायला अचाट वाटते. पण तिच्यासारखेच एक काम आमच्या घराजवळ फार पूर्वीपासून चालू आहे. नागपूर स्थानकाजवळ मोहननगरच्या बाजूला डायमंड क्रॉसिंग आहे. तेथे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. दोन गाड्या तेथे एकाच क्षणी येता कामा नयेत. यासाठी सिग्नल अभियंता यार्डाचा नकाशा समोर घेऊन एक कोष्टक तयार करतो: अमुक मार्गाचा सिग्नल उतरलेला असताना तमुक मार्गांचे सिग्नल धोक्यावर अडकलेलेच राहिले पाहिजेत. या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. जॉन सॅक्सबी याने इंग्लंडमध्ये १८५६ साली तिचे पेटंट घेतले तेव्हा हे काम दांडे आणि खाचा करीत. आता ते विजेच्या व इलेक्ट्रॉनिक साधनांनी होते. नकाशावरून कोष्टक काढण्याचे काम इतके नियमबद्ध आहे, की ते संगणकाकडूनही करवून घेता येते.

म्हणजे कुलूप कुठे लावायचे हे यंत्र सांगू शकते! मात्र का सांगू शकते ते नीट पाहिले पाहिजे. रूळ कुठे छेदतात हे नकाशात उघड दिसते. आणि काय घडू नये, हे कुणी लिहून द्यावे लागत नाही; गाड्यांनी एकमेकींवर आदळू नये हे सर्वांना ठाऊक आहे. आज्ञावलीत यांपैकी एकही सोय नाही. तिच्यातील रूळ कुठे छेदतात ते दिसत नाही, आणि काय घडू नये हे तर तिच्यात लिहिलेलेच नसते. गुणतक्त्याच्या फाइलला काय ठाऊक की रिकामा रकाना हा अपघात आहे?

(जाता जाता: मेळ घालण्याच्या संगणकातील पहिल्या साधनांपैकी एकाला एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात रेल्वेवरूनच ‘सेमाफोर’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ चिन्ह धारण करणारा. जरीपटका म्हणजेही निशाणच, याची आमच्या मुलांना फार गंमत वाटली.)

आता मुख्य निबंधाकडे वळू. २०१० साली प्रोग्रॅमिंगविषयक युरोपीय परिषदेत ‘लॉजिकल कन्करन्सी कंट्रोल फ्रॉम सीक्वेन्शियल प्रूफ्स’ या नावाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक ज्योतिर्मय देशमुख, जी. रामलिंगम, वेंकटेश-प्रसाद रंगनाथ आणि कपिल वासवानी. पहिले ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील, बाकीचे तिघे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील प्रयोगशाळेतील. निबंधाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. एखादी आज्ञावली एकटी चालत असताना बरोबर आहे याची सिद्धता तुमच्याजवळ असेल, तर अनेकांनी ती एकाच वेळी चालवली असता कुठे कुलूप लागेल, हे त्या सिद्धतेतूनच काढता येते.

हे समजण्यासाठी आम्ही वर्गात रेल्वेच्या तिकीटखिडकीचे उदाहरण घेतले. उदाहरण आमचे आहे, निबंधातील नव्हे. खिडकीवरील आज्ञावली अशी: रिकाम्या जागांचा आकडा पाहा, तो शून्य असेल तर ‘जागा नाही’ म्हणून थांबा, नसेल तर प्रवाशाचे नाव व वय विचारून लिहा, आकड्यातून एक वजा करा, तिकीट द्या. अट एवढीच की वजाबाकीच्या क्षणी आकडा शून्याहून मोठा असला पाहिजे, नाहीतर एकाच बर्थवर दोघे. खिडकी एकच असेल तर सिद्धता सोपी आहे. आकडा शून्याहून मोठा असल्याचे आपण पाहिले. नाव-वय लिहिताना आकड्याला हात लागत नाही. म्हणून वजाबाकीच्या वेळीही तो शून्याहून मोठाच आहे. सिद्धतेच्या मध्यभागी एक विधान उभे आहे: ‘रिकाम्या जागा शून्याहून अधिक आहेत.’ पाहण्यापासून वजाबाकीपर्यंत आपण या विधानावर भिस्त ठेवतो.

खिडक्या दोन केल्या आणि जागा एकच उरली, की पहिल्या खिडकीवर नाव लिहिले जात असताना दुसरी खिडकी वजाबाकी करून हे विधान खोटे पाडू शकते. तेव्हा निबंधाची युक्ती अशी की कुलूप त्या विधानाला लावा. जो या विधानावर विसंबून आहे त्याने विसंबून असेपर्यंत ते कुलूप जवळ ठेवावे, आणि ज्याच्या कृतीने हे विधान खोटे पडू शकते त्याने ते कुलूप मिळाल्याशिवाय ती कृती करू नये. कोणती कृती कोणते विधान नासवू शकते, हे तर्काच्या नियमांनी यंत्राला तपासता येते. विधाने सिद्धतेत आहेत, कृती आज्ञावलीत आहेत. दोन्ही समोर ठेवायच्या आणि जोड्या तपासत जायचे. अभियंत्याचे कोष्टक ते हेच! रूळ छेदतात ती जागा नकाशात नव्हती, ती सिद्धतेत सापडली.

आता तिकीट रद्द करण्याची तिसरी खिडकी उघडू. ती आकड्यात एक मिळवते. आकडा तोच, सामायिक माहिती तीच. आम्ही पाठ्यपुस्तकांवरून वर्षानुवर्षे शिकवत आलो, की सामायिक माहितीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने कुलूप घेतले पाहिजे. पण एक मिळवल्याने ‘शून्याहून अधिक आहेत’ हे विधान खोटे पडू शकते का? कधीच नाही. बेरीज एका दमात होत असेल, मध्ये तुटत नसेल, तर रद्द करणाऱ्याला या कुलपासाठी थांबण्याचे कारणच नाही. हे लक्षात आले तेव्हा खरे सांगायचे तर आम्हालाच जरा ओशाळल्यासारखे झाले. आम्ही आकड्याला कुलूप लावत होतो. जपायचे होते ते आकड्याविषयीचे एक वाक्य.

निबंधाचे श्रेय मोजताना त्याचे पूर्वजही पाहिले पाहिजेत. सुझन ओविकी आणि डेव्हिड ग्रीस यांनी १९७६ साली एककालिक आज्ञावल्यांच्या सिद्धतेची रीत सांगितली. आधी प्रत्येक मालिका एकटी बरोबर असल्याचे दाखवा, मग एकीची कोणतीही कृती दुसरीच्या सिद्धतेतील विधानांना धक्का लावत नाही हे तपासा. धक्का लागला तर सिद्धता फसली, पुन्हा विचार करा. २०१० च्या निबंधाने ही रीत उलटी फिरवली: धक्का लागतो तेथे सिद्धता फसली असे न म्हणता कुलूप लावले. कल्पना ऐकल्यावर साधी वाटते, आणि तिला चांगली म्हणण्याचे तेच कारण आहे. स्वयंचलित अनुमानाचे प्रयत्नही जुनेच. एडमंड क्लार्क आणि ॲलन एमर्सन यांनी १९८१ साली तर्काच्या भाषेत अटी लिहून द्यायच्या आणि त्यांवरून मेळाचा सांगाडा यंत्राने रचायचा, अशी पद्धत मांडली होती. गंमत अशी की सांगाडा रचण्याचे ते काम मोठ्या आज्ञावल्यांपर्यंत पोचले नाही. पण तयार रचना अटी पाळते की नाही हे तपासण्याची जी रीत त्याच निबंधात होती, ती जगभर पसरली. २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक या दोघांना जोसेफ सिफाकिस यांच्यासह मिळाले ते त्या तपासणीच्या रीतीसाठी. रचण्यापेक्षा तपासणे सोपे, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

इतके कौतुक केल्यावर आमचे आक्षेप.

आमच्या तिकीटखिडकीच्या आज्ञावलीत नाव-वय विचारण्याची पायरी पाहणे आणि वजाबाकी यांच्या मध्ये आहे. पाहण्यापासून वजाबाकीपर्यंत विधानावर भिस्त, म्हणून तेवढा वेळ कुलूप हातात. एखादे आजोबा खिडकीशी उभे राहून सात माणसांच्या कुटुंबाची वये आठवून सांगत असतील, तर बाकीच्या सर्व खिडक्या तोवर थिजून राहतील. चूक होणार नाही, पण रांग हलणार नाही. कोणताही शहाणा कारकून आधी फॉर्म भरून घेईल आणि मग जागा पाहील. पायऱ्यांचा क्रम बदलला तर कुलूप क्षणभर पुरते. यंत्र मात्र क्रम बदलत नाही. दिलेल्या आज्ञावलीला आणि दिलेल्या सिद्धतेला धरून चालते. सिद्धता ढिसाळ असेल, नको त्या विधानांवर विसंबलेली असेल, तर नको तेवढी कुलपे पडतील. शिवाय एखादी कृती विधान नासवते की नाही याचा पक्का निर्णय यंत्राला नेहमीच देता येतो असे नाही. तर्कशास्त्रानेच त्याला तेथे मर्यादा घातली आहे. संशय आला की कुलूप लाव, एवढेच त्याच्या हाती उरते.

दुसरी गोष्ट कोंडीची. एक खिडकी विदर्भ एक्स्प्रेसची जागा सोडवून सेवाग्रामची घेते आहे, दुसरी नेमकी उलट करते आहे. पहिलीने विदर्भचे कुलूप धरले, दुसरीने सेवाग्रामचे, आणि दोघी एकमेकींची वाट पाहत बसल्या. यावर एक तोडगा म्हणजे दोन्ही कुलपांचे एकच कुलूप करणे. कोंडी फुटते खरी, पण आता सेवाग्रामच्या प्रवाशाला विदर्भसाठीही थांबावे लागते. याच न्यायाने पुढे गेले तर साऱ्या स्थानकाला एकच कुलूप लावून मोकळे होता येईल, आणि निबंधाची अट तरीही पूर्ण होईल! ‘वाईट काही घडू नये’ एवढीच अट असली, की काहीच न घडू देणे हाही उपाय ठरतो. किती वेळात तिकीट मिळावे, आधी आलेल्याला आधी मिळावे की नाही, यांविषयी ही पद्धत बोलत नाही. ती बोलल्याचा दावाही करीत नाही, हे लेखकांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पण हे दोन्ही आक्षेप कारागिरीचे झाले. पुढे-मागे कोणी सुधारील. आमचा खरा अडथळा वेगळ्या जागी आहे. विधाने कोण लिहिणार? ज्या आज्ञावलीत कोणतीच अट लिहिलेली नाही तिला ही पद्धत एकही कुलूप लावणार नाही, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. लेखकांनी यासाठी एक जोड दिली आहे: अट न सांगताही प्रत्येक क्रिया जणू एकसंध, एकापाठोपाठ एक घडल्यासारखी दिसावी, अशी हमी घेता येते. वाचताना आम्हाला क्षणभर वाटले, सुटलो. मग ती हमी आम्ही गुणतक्त्याच्या हकिकतीला लावून पाहिली. फाइल उघडण्याची क्रिया एकसंध होती. जतन करण्याची क्रिया एकसंध होती. कुठेही अर्धवट फाइल वाचली गेली नाही की अर्धवट लिहिली गेली नाही. हमी तंतोतंत पाळली गेली, आणि मुलगी नापास झाली. कारण ‘उघडणे, भरणे, जतन करणे’ हे तिन्ही मिळून एक काम आहे, हे शिक्षकाच्या मनात होते. फाइलमध्ये ते कुठेच नव्हते.

दुसऱ्या एका पंथाने हा प्रश्न प्रामाणिकपणे प्रोग्रॅमरकडेच परत दिला आहे. २००८ साली चेरेम, चिलिंबी आणि गुलवानी यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रोग्रॅमरने आज्ञावलीत फक्त खूण करायची, की येथून येथपर्यंतचे काम एक समजा; त्यासाठी कोणती कुलपे लागतील ते यंत्र काढते. येथे विधाने नाहीत, सिद्धता नाही. त्यामुळे रद्द करणाऱ्या खिडकीला सूट देण्याची बारीक नजरही या मार्गाला नाही. पण सामान्य माणसाला सिद्धता लिहिण्यापेक्षा अशी खूण करणे कितीतरी सोपे. शाळेचा गुणतक्ता लिहिणाऱ्याला आम्ही आज तरी हाच मार्ग सुचवू. बुद्धीच्या सौंदर्यात मात्र २०१० चा निबंध वरचढ आहे, आणि वरच्या वर्गातल्या मुलांपुढे ठेवायचा तर तोच ठेवावा.

तो कसा ठेवावा, याबद्दल थोडी तक्रार पाठ्यपुस्तकांविषयी आहे. सिल्बरशाट्झ आणि गॅल्विन यांच्या प्रसिद्ध पुस्तकापासून पुढे बहुतेक ठिकाणी हा विषय ठरावीक कोड्यांतून येतो: जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ आणि त्यांच्यामधले काटे, वाचक आणि लेखक, भरणारा आणि काढणारा. कोडी सुरेख आहेत. पण प्रत्येक कोड्यात काय घडू नये हे आधीच सांगून टाकलेले असते. मुलगा कुलूप लावायला शिकतो. कशासाठी लावायचे हे ठरवायला त्याला कोणी बसवत नाही. डायमंड क्रॉसिंगवर ते चालून गेले असते. गुणतक्त्यावर ते चालले नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही मुलांना कुलपांविषयी काहीच विचारले नाही. एवढेच म्हटले, की गुणतक्त्याच्या फाइलविषयी नेहमी खरे असले पाहिजे असे एक वाक्य लिहा. पहिले वाक्य आले: ‘भरलेला रकाना पुन्हा कधीही रिकामा होऊ नये.’ वाक्य चांगले होते. त्याला कुलूप लावले असते तर सत्तावीस मुलांचे गुण वाचले असते, कारण बाईंच्या जतन करण्याने ते वाक्य खोटे पडत होते. पण एका मुलीच्या नावापुढे दुसरीचे गुण चुकून भरले गेले आणि ते खोडायचे झाले तर? वाक्य मागे घेतले गेले. दुसरे वाक्य आले: ‘रकान्यात शेवटी भरलेला आकडाच राहावा.’ तेवढ्यात एकीने विचारले, की फेरतपासणीचे गुण आधी भरले आणि जुन्या यादीवरून कोणी नंतर भरले तर कोणते खरे? आमच्यातच दोन मते पडली. फळ्यासमोर शिक्षक वाद घालताहेत हे पाहून मुले खूश होती.

शेवटी मागच्या बाकावरून एक वाक्य आले आणि ते कोणाला खोडता आले नाही: ‘रकान्यातील आकडा उत्तरपत्रिकेवरील आकड्याइतकाच असावा.’ हेच तर आपल्याला हवे होते. फक्त उत्तरपत्रिका कपाटात गठ्ठ्याने बांधलेल्या असतात, आणि कपाटातील कागद यंत्राला दिसत नाही.

त्या मुलीचे गुण वहीवरील सहीच्या आधाराने पुन्हा भरले गेले आणि ती पास झाली. लिपिकाकडे मुख्याध्यापकांनी दिलगिरी व्यक्त केली, तीही चारचौघांत. गुणतक्त्याची फाइल आता एकाच संगणकावर ठेवली आहे, आणि शिक्षकखोलीत खिळ्याला एक लाकडी गोळा दोरीने टांगलेला असतो. रेल्वेच्या एकेरी मार्गावर चालकाजवळ टोकन म्हणून धातूचा गोळा द्यायची रीत होती, तिच्यावरून मुलांनीच तो करून दिला. गोळा ज्याच्या हातात तोच फाइल उघडतो. परवा तो दिवसभर सापडत नव्हता. ज्या सरांच्या खिशात होता ते रजेवर होते.